पाळणाघर, कावीळ आणि आपली जबाबदारी

पावसाळा सुरू झाला की ‘कावीळ’ हा शब्द आपल्या गावांतून आणि वसाहतींतून पुन्हा ऐकू येऊ लागतो. कोणाच्या घरी कोणी अंथरुणाला खिळलेले असते, कोणी माळ आणायला दूरच्या गावी गेलेले असते आणि शेजारीपाजारी तेल व हळद वर्ज्य करण्याचे सल्ले देत असतात. चर्चा बहुधा त्या पिवळ्या पडलेल्या माणसापाशीच थांबते. आजार कोठून आला, असे कोणी विचारलेच तर उत्तरे ठरलेली असतात : बाहेरचे खाणे, गाडीवरचा उसाचा रस, लग्नाच्या मांडवातले पाणी. ही उत्तरे पुष्कळदा खरीही असतात. परंतु ज्या घरात दोन-तीन वर्षांचे मूल आहे आणि ते मूल दिवसाचे आठ-दहा तास पाळणाघरात घालवते, त्या घरातील आईला कावीळ झाली तर तिचा माग त्या हसत्या-खेळत्या मुलापर्यंत जाऊ शकतो, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते.

आपल्यापैकी असंख्य माता पहाटेची लोकल पकडून कामाला जातात. आजी-आजोबा जवळ नसतील तर मूल शेजारच्या मावशींकडे, खाजगी पाळणाघरात, बालवाडीत किंवा अंगणवाडीत राहते. ही व्यवस्था आता आपल्या कुटुंबजीवनाचा भाग झाली आहे. म्हणूनच तेथील आरोग्याचा प्रश्न केवळ डॉक्टरांवर सोपवून आपल्याला मोकळे होता येणार नाही, असे आम्हांस वाटते.

हा विषय आज का?

२०२४ साली केरळमध्ये काविळीची मोठी साथ आली. मलप्पुरम जिल्ह्यात तिचा जोर होता. एर्नाकुलम जिल्ह्यातील वेंगूर या एका पंचायतीतच दोनशेहून अधिक लोक आजारी पडले आणि काही मृत्यूही झाले. केरळ हे साक्षरतेत आणि सार्वजनिक आरोग्यसेवेत देशात अग्रेसर मानले जाणारे राज्य. तेथेच ही साथ यावी आणि तिच्यात तरुण व प्रौढ माणसे मोठ्या संख्येने सापडावीत, याचा अनेकांना अचंबा वाटला.

हा प्रश्न केवळ आपल्या देशाचाही नाही. २०२५ च्या पहिल्या पाच महिन्यांत ऑस्ट्रिया, चेकिया, हंगेरी आणि स्लोव्हाकिया या चार युरोपीय देशांत मिळून हिपॅटायटिस ए चे दोन हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. तेथे हा आजार प्रामुख्याने बेघर लोकांत आणि अस्वच्छ वस्त्यांत राहणाऱ्यांत पसरला. सुबत्ता आली म्हणजे रोग आपोआप जातो, हा समज या घटनांनी खोटा ठरवला आहे.

एक शब्द, अनेक आजार

मराठीत आपण ‘कावीळ’ या एकाच शब्दात अनेक आजार गुंडाळतो. वस्तुतः कावीळ हे लक्षण आहे. यकृताला सूज आली की रक्तातील पित्तद्रव्य वाढते आणि डोळे, त्वचा व लघवी पिवळी होते. ही सूज आणणारे विषाणू निरनिराळे आहेत. ‘ए’ आणि ‘ई’ हे विषाणू रुग्णाच्या मलातून बाहेर पडतात आणि दूषित पाणी, अन्न व हात यांच्यामार्फत दुसऱ्याच्या तोंडात जातात. ‘बी’ आणि ‘सी’ हे मुख्यतः रक्तातून पसरतात. ‘बी’ हा मातेकडून बाळाला जन्माच्या वेळीही होऊ शकतो.

हा भेद पाळणाघराच्या दृष्टीने अतिशय महत्त्वाचा आहे. हिपॅटायटिस बी असलेल्या मुलाला पाळणाघरातून काढून टाकण्याचे कारण नसते. एकत्र जेवल्याने, खेळल्याने किंवा मिठी मारल्याने तो आजार पसरत नाही. त्याची लस देशभरातील सरकारी लसीकरणात २०११ पासून उपलब्ध आहे आणि तिची पहिली मात्रा जन्मानंतर चोवीस तासांच्या आत द्यायची असते. इतर मुलांचे लसीकरण पूर्ण असेल आणि जखम झाल्यास रक्त हाताळताना हातमोजे वापरले जात असतील, तर भिण्याचे प्रयोजन नाही. तरीही ‘कावीळवाला’ म्हणून एखाद्या बालकाला कायमचे दूर ठेवले जाते. हा त्या बालकावर अन्याय आहे.

पाळणाघरात खरोखर वेगाने पसरतो तो हिपॅटायटिस ए. या लेखात यापुढे आम्ही त्याच्याविषयीच लिहीत आहोत.

मूल आजारी दिसत नाही

हिपॅटायटिस ए चा विषाणू अमेरिकेतील फाइनस्टोन, कपिकियन आणि पर्सेल या शास्त्रज्ञांनी १९७३ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम पाहिला. त्यानंतरच्या संशोधनातून या आजाराचे एक विलक्षण वैशिष्ट्य स्पष्ट झाले. तो वयाप्रमाणे रूप बदलतो. सहा वर्षांखालील मुलांपैकी सुमारे सत्तर टक्के मुलांत संसर्ग होऊनही काहीच लक्षण दिसत नाही. ज्यांच्यात दिसते त्यांनाही थोडा ताप, एखाद-दुसरी उलटी, दोन दिवस जेवणावरची वासना उडणे, एवढेच होते. डोळे पिवळे होणे हे या वयात अपवादानेच घडते. मोठ्यांचे याच्या नेमके उलट असते. प्रौढांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक जणांना कावीळ होते, काही आठवडे अंथरूण धरावे लागते आणि वय जसे वाढत जाते तसा जीवाचा धोकाही वाढत जातो.

यात काळाचे गणितही फसवे आहे. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत पंधरा ते पन्नास दिवस, सरासरीने चार आठवडे जातात. रुग्णाच्या मलातून विषाणू सर्वाधिक प्रमाणात बाहेर पडतो तो डोळे पिवळे होण्याच्या आधीच्या दोन आठवड्यांत. कावीळ दिसल्यानंतर साधारण आठवडाभरात संसर्गाचा धोका बराच ओसरतो. लहान मुलांत मात्र विषाणू बाहेर पडण्याचा काळ अधिक लांबू शकतो.

या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहाव्यात. वीस मुले असलेल्या एका पाळणाघराचे चित्र आपण डोळ्यांसमोर आणू. जून महिन्यात एका दीड वर्षाच्या बाळाला संसर्ग होतो. त्याला कोणतीही लक्षणे नाहीत. त्याचे लंगोट बदलले जातात, तेच हात दुसऱ्याला भात भरवतात, एकाने चोखलेले खेळणे दुसरा तोंडात घालतो. जुलैत आणखी पाच-सहा मुलांना संसर्ग होतो. तीही हसत-खेळत असतात. ऑगस्टमध्ये एका मुलाची आई, दुसऱ्याचे वडील आणि पाळणाघरातील मावशी अशा तिघांचे डोळे पिवळे होतात. तिघेही वेगवेगळ्या डॉक्टरांकडे जातात आणि तिघांनाही बाहेरचे खाणे बंद करण्यास सांगितले जाते. पाळणाघराचे नाव कोणाच्याही ओठांवर येत नाही.

फिनिक्स शहराने दिलेला धडा

हे चित्र आम्ही उदाहरणासाठी रेखाटले असले तरी असे प्रत्यक्षात घडलेले आहे. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात फिनिक्स शहर ज्या परगण्यात येते त्या मॅरिकोपा परगण्यात १९७० च्या दशकाच्या अखेरीस काविळीचे रुग्ण वाढले. स्टीफन हॅडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील पाळणाघरांचा पद्धतशीर अभ्यास करून १९८० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या पाळणाघरांत दोन वर्षांखालील, म्हणजे लंगोटातील मुले होती, तेथे साथीचा धोका सर्वाधिक होता. पाळणाघर जितके मोठे आणि जितके अधिक तास उघडे, तितका हा धोका वाढत होता. प्रत्यक्ष आजारी पडणाऱ्यांत मात्र घरातील मोठी माणसे, विशेषतः या लहानग्यांचे आईवडील पुढे होते.

त्या काळी प्रतिबंधक लस नव्हती. साथ आली की मुलांना व सेविकांना गॅमा ग्लोब्युलिनची इंजेक्शने देत आणि त्याने काही महिने संरक्षण मिळे. अमेरिकेत १९९५ साली लसीला परवानगी मिळाली. १९९९ साली याच मॅरिकोपा परगण्याने पाळणाघरात येणाऱ्या दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी ती आवश्यक केली आणि २००६ पासून अमेरिकेत एक वर्ष पूर्ण केलेल्या सर्वच बालकांसाठी तिची शिफारस झाली. पाळणाघरांतील साथी तेथे आता क्वचितच ऐकू येतात.

विलोब्रुकची मुले

या ज्ञानाच्या इतिहासात एक काळे पान आहे आणि ते झाकून पुढे जाणे आम्हांस योग्य वाटत नाही. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर विलोब्रुक नावाची मतिमंद मुलांची सरकारी संस्था होती. मुलांची गर्दी अफाट, स्वच्छता नाममात्र, त्यामुळे काविळीने तेथे कायमचा मुक्काम ठोकला होता. १९५६ पासून डॉ. सॉल क्रुगमन यांनी तेथे प्रयोग सुरू केले. नव्याने दाखल झालेल्या काही बालकांना हेतुपुरस्सर काविळीचा संसर्ग देण्यात आला आणि आजार कसा वाढतो, ग्लोब्युलिनने तो कितपत रोखता येतो, याची निरीक्षणे नोंदवली गेली. काविळीचे दोन निराळे प्रकार आहेत, हे या प्रयोगांतून अधिक स्पष्ट झाले. आज आपण ज्यांना ‘ए’ आणि ‘बी’ म्हणतो ते हेच.

पालकांची लेखी संमती घेतली होती, असे समर्थन त्या वेळी केले गेले. ही मुले कधी ना कधी आजारी पडणारच होती, असेही सांगितले गेले. परंतु १९६४ मध्ये जागेअभावी संस्थेचे सर्वसाधारण प्रवेश बंद झाले, तेव्हा प्रयोगाच्या विभागातील प्रवेश मात्र चालू राहिले. दुसरी वाट नसलेल्या आईबापांची संमती कितपत मोकळी म्हणावी? डॉ. हेन्री बीचर यांनी १९६६ साली अनैतिक संशोधनाची जी उदाहरणे जगापुढे ठेवली, त्यांत विलोब्रुकचा समावेश होता.

ही मुले आजारी पडणारच होती, या वाक्यात सारा दोष सामावलेला आहे. ती पडणार होती कारण त्यांना स्वच्छ जागा, पुरेसे पाणी आणि पुरेशी माणसे देण्याचे कोणी मनावर घेतले नव्हते. टाळता येण्याजोगी दुरवस्था एकदा नशीब म्हणून स्वीकारली की दुर्बलांच्या बाबतीत काहीही खपून जाते. आपल्याकडील पाळणाघरांचा विचार करताना ही गोष्ट विसरू नये.

आपल्याकडील बदलते चित्र

पूर्वी आपल्या देशात जवळजवळ प्रत्येकाला हा संसर्ग शाळेत जाण्यापूर्वीच होऊन जात असे. तो नकळत होई आणि जन्मभराची प्रतिकारशक्ती देऊन जाई. म्हणून आपल्या आजोबांच्या पिढीत या प्रकारची कावीळ मोठ्या वयात सहसा दिसत नसे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत डॉ. विद्या अरणकल्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० आणि १९९० च्या दशकांतील रक्तनमुन्यांची तुलना केली, तेव्हा शहरातील सुस्थितीतील कुटुंबांच्या मुलांत ही नैसर्गिक प्रतिकारशक्ती घटत चालल्याचे दिसून आले. घरात शुद्ध पाणी आले, संडास आले, मुले संसर्गापासून वाचली. ही अर्थातच आनंदाची गोष्ट आहे. परंतु हीच मुले मोठी झाली तेव्हा त्यांच्या शरीरात या विषाणूशी लढण्याची तयारी नव्हती.

दुसऱ्या बाजूला घराबाहेरचे वातावरण त्या गतीने सुधारलेले नाही. विहिरीशेजारी शोषखड्डा असतो, जलवाहिनी गटारातून जाते, टँकरचे पाणी कोठून भरले हे कोणी विचारत नाही. त्यामुळे घर स्वच्छ आणि परिसर अस्वच्छ, अशी विचित्र अवस्था निर्माण झाली आहे. केरळमध्ये तरुण माणसे मोठ्या संख्येने का आजारी पडली, याचे उत्तर बऱ्याच अंशी येथे आहे.

पाळणाघर हे या दोन जगांचे भेटीचे ठिकाण आहे. चाळीतले मूल आणि सदनिकेतले मूल तेथे एकाच सतरंजीवर बसते. हे भेटणे चांगलेच आहे. मात्र तेथील पाणी आणि हात स्वच्छ नसतील तर एकाचा मुका संसर्ग दुसऱ्याच्या घरात गंभीर आजार होऊन पोहोचतो.

लंगोट आणि ताट

पाळणाघरातील प्रतिबंधाचे सारे शास्त्र एका वाक्यात सांगायचे तर लंगोटाचा हात ताटाला लागता कामा नये. हे ऐकायला सोपे, करायला कठीण आहे. जी मावशी मुलांना धुते, पुसते तीच त्यांना भरवते. अंगणवाडीत मदतनीस स्वयंपाकही करते, जागाही झाडते आणि लहान मुलांची स्वच्छताही पाहते. एका माणसावर एवढी कामे टाकल्यावर प्रत्येक वेळी साबणाने हात धुण्याची अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करावी? आणि नळाला पाणी दिवसातून एकदाच येत असेल तर?

तरीही काही गोष्टी फारशा खर्चाविना साधता येतात. लंगोट बदलण्याची जागा स्वयंपाकाच्या जागेपासून वेगळी असावी आणि शक्यतो ही दोन कामे एकाच वेळी एका व्यक्तीकडे नसावीत. लंगोट बदलल्यावर, मुलाला संडासला नेऊन आणल्यावर आणि भरवण्यापूर्वी वाहत्या पाण्याखाली साबणाने किमान वीस सेकंद हात चोळून धुवावेत. मुलाचेही हात धुवावेत. कोरोनाच्या साथीपासून आपल्याला बाटलीतल्या सॅनिटायझरची सवय लागली आहे. हिपॅटायटिस ए च्या विषाणूवर त्याचा भरवसा धरता येत नाही. येथे साबण आणि पाणी यांना पर्याय नाही.

हा विषाणू चिवट आहे. खेळणी, टेबल, दाराची कडी यांवर तो कित्येक दिवस टिकून राहतो. म्हणून आधी साबणाने धुऊन नंतर शंभर भाग पाण्यात एक भाग घरगुती ब्लीच मिसळलेल्या द्रावणाने पृष्ठभाग पुसावेत. हे द्रावण रोज नव्याने करावे आणि मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे. पिण्याचे पाणी खळखळून उकळावे, झाकून ठेवावे आणि ओगराळ्याने काढावे. मातीत वाढलेल्या भाज्या व फळे स्वच्छ पाण्याने धुऊनच मुलांना द्यावीत.

एक रुग्ण आढळला तर

पाळणाघरातील मूल किंवा सेविका यांपैकी एखाद्या व्यक्तीला हिपॅटायटिस ए झाल्याचे रक्ततपासणीत निष्पन्न झाले, तर घाबरून पाळणाघराला कुलूप लावणे हा उपाय नव्हे. बंद झालेल्या पाळणाघरातील मुले दुसऱ्या दिवशी इतर पाळणाघरांत जातात आणि लक्षणे नसलेला संसर्ग बरोबर नेतात. त्याऐवजी क्रम असा असावा.

आजारी व्यक्तीने कावीळ दिसल्यापासून किमान एक आठवडा घरी राहावे. त्यानंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने मूल परत येऊ शकते. डोळ्यांतील पिवळेपणा पूर्ण जाईपर्यंत महिना-महिना त्याला अडवून धरणे अनावश्यक आहे. सेविका आजारी असेल तर तिने या काळात अन्नाला हात लावू नये.

त्याच दिवशी सर्व पालकांना कळवावे. आजाराचे नाव सांगावे, मुलाचे नाव सांगू नये. प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांना कळवावे, म्हणजे पाण्याची तपासणीही होईल. बदनामीच्या भीतीने ही बातमी दडपली जाते आणि तेथेच साथ पसरण्यास वाव मिळतो. ज्या पाळणाघराने प्रामाणिकपणे कळवले त्याला पालकांनी दोष देऊ नये. त्याने आपले कर्तव्य बजावलेले असते.

यानंतरची गोष्ट अनेक पालकांना ठाऊक नसते. संसर्गाशी संबंध आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत लस घेतली तर आजार टळण्याची चांगली शक्यता असते. एक वर्षाहून मोठ्या मुलांना आणि सेविकांना, ज्यांनी आधी लस घेतलेली नाही, ती या मुदतीत द्यावी. एक वर्षाखालील बाळांसाठी ग्लोब्युलिनचा विचार बालरोगतज्ज्ञ करू शकतात. पाळणाघरात लंगोटातील मुले नसतील तर बहुधा त्या एका वर्गातील मुलांपुरते लसीकरण पुरते. लंगोटातील मुले असतील तर सर्वांचाच विचार करावा लागतो. तीन किंवा अधिक घरांत रुग्ण आढळले तर लंगोटातील मुलांच्या घरच्या मंडळींनाही लस देणे इष्ट ठरते. दोन आठवडे ही मुदत फार लहान आहे. म्हणूनच कळवण्यात एकेका दिवसाचा विलंब महाग पडतो.

लस कोणाला मिळते?

इस्रायलने १९९९ साली दीड आणि दोन वर्षांच्या वयात प्रत्येक बालकाला ही लस देण्यास प्रारंभ केला. अवघ्या काही वर्षांत तेथील हिपॅटायटिस ए चे प्रमाण पंचाण्णव टक्क्यांहून अधिक घटले. लक्षणीय बाब ही की लस दिली फक्त तान्ह्या-रांगत्यांना, पण आजार कमी झाला तो सर्व वयोगटांत. छोट्यांकडून मोठ्यांकडे जाणारी वाट बंद झाली की मोठेही वाचतात, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता हवा? अर्जेंटिनाने २००५ पासून एक वर्षाच्या बालकांना केवळ एक मात्रा देऊनही मोठे यश मिळवले.

आपल्याकडे भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना ही लस देण्याची शिफारस करते. एक वर्षानंतर निष्क्रिय विषाणूच्या लसीच्या सहा महिन्यांच्या अंतराने दोन मात्रा, अथवा जिवंत पण दुर्बल केलेल्या विषाणूच्या लसीची एक मात्रा द्यावी, असे ती सांगते. जानेवारी २०२४ मध्ये हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्स या संस्थेने देशातच विकसित केलेली लस बाजारात आणली. परंतु सरकारच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात या लसीचा समावेश नाही. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याच्या मुलाला ती खाजगी दवाखान्यात मिळते. अंगणवाडीतल्या मुलाला आणि पाळणाघरातील मावशींना ती मिळत नाही. बहुसंख्य बालकांना संसर्ग अजूनही लहानपणी होतो, मग खर्च कशाला, असा एक युक्तिवाद पूर्वी केला जाई. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या आपल्या भूमिकेत, ज्या देशांत परिस्थिती बदलत आहे आणि मोठ्या वयात आजार होऊ लागला आहे, तेथे लहान मुलांच्या लसीकरणाचा पुरस्कार केला आहे. आपला देश याच वळणावर आहे. निदान अंगणवाड्या आणि पाळणाघरे यांपासून सुरुवात करण्याचा विचार शासनाने करावा, असे आम्ही सुचवू इच्छितो.

माळ, चुना आणि उसाचा रस

उपचारांविषयी दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे. हिपॅटायटिस ए वर विषाणू मारणारे खास औषध नाही. विश्रांती, पुरेसे पाणी आणि पचेल तसा साधा आहार यांनी बहुसंख्य रुग्ण आपोआप बरे होतात. याचाच लाभ कावीळ उतरवणाऱ्यांना मिळतो. माळेचे देठ सुकतात, गाठी सैल होतात आणि माळ लांबते. हातावर चोळलेला चुना झाडाच्या सालीच्या रसाशी मिसळला की पाणी पिवळे होते. त्या पाण्यात कावीळ नसते. माळ घातल्याने अपाय होत नाही, असे कोणी म्हणेल. परंतु तिच्या भरवशावर रक्ततपासणी राहून जाते, आजार कोणता हे कळत नाही आणि लसीचे ते दोन मोलाचे आठवडे निघून जातात.

झाडपाल्याची अनोळखी औषधे तर सुजलेल्या यकृताला अधिकच इजा करू शकतात. तापावरील साधी गोळीही डॉक्टरांना विचारूनच द्यावी. गाडीवरचा उसाचा रस काविळीवर गुणकारी म्हणून पाजला जातो; त्यातील बर्फ आणि न धुतलेला ग्लास हीच कधी कधी काविळीची कारणे असतात. मूल सतत ओकू लागले, सारखे झोपेत राहिले, असंबद्ध वागू लागले किंवा त्याच्या नाकातोंडातून रक्त आले, तर क्षणाचाही विलंब न करता मोठे रुग्णालय गाठावे. असे क्वचितच घडते, पण घडते तेव्हा वेळ फार थोडा असतो.

साबणाचा खर्च कोणी करायचा?

शेवटी प्रश्न येऊन ठेपतो तो माणसांपाशी. कायद्याने पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली आहे. ही तरतूद २०१७ च्या दुरुस्तीने आली आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. पण घरकाम करणारी, मासळी विकणारी, भाजीची पाटी घेऊन गाडीत चढणारी आई कोणत्या आस्थापनेत मोडते? तिचे मूल आजारी पडले आणि आठवडाभर घरी ठेवा असे आपण तिला सांगितले, तर त्या आठवड्याची मजुरी तिला कोण देणार? ती मिळणार नसेल तर ती ताप दडवूनच मुलाला सोडून जाईल आणि तिला दोष देण्याचा अधिकार आपल्याला राहणार नाही.

हेच मावशींच्या बाबतीत. दहा-बारा मुलांची शी-शू काढणाऱ्या या स्त्रियांना आपण पगार किती देतो आणि त्या आजारी पडल्या तर किती दिवस सांभाळून घेतो? साथीत सर्वप्रथम सापडतात त्या याच. त्यांना लस मिळावी, आजारपणाची भरपगारी रजा मिळावी, हातमोजे आणि साबण त्यांच्या तुटपुंज्या कमाईतून नव्हे तर संस्थेच्या खर्चातून यावेत. हे आपण केले तर मुलांचेही रक्षण आपोआप होईल.

आपल्या अनेक धर्मग्रामांत बालवाड्या व पाळणाघरे चालतात. काही धर्मभगिनी चालवतात, काही महिला मंडळे. या वर्षी पावसाळ्यापूर्वी प्रत्येक ठिकाणी चार गोष्टी पाहिल्या जाव्यात, अशी आमची विनंती आहे. पाण्याची टाकी धुतली गेली का? हात धुण्याच्या जागी साबण आणि मुलांच्या उंचीचा नळ आहे का? लंगोट बदलण्याची जागा चुलीपासून दूर आहे का? आणि सेविकांचे लसीकरण झाले आहे का? हे पाहण्यासाठी समितीची गरज नाही. एका शनिवारी चार पालकांनी अर्धा तास काढला तरी पुरे. ज्या धर्मग्रामात डॉक्टर वा परिचारिका आहेत त्यांनी मावशींसाठी एक छोटा वर्ग घ्यावा. ज्या पालकांना परवडते त्यांनी आपल्या मुलाच्या लसीबरोबर मावशींच्या लसीचा वाटा उचलावा. आपले मूल दिवसभर ज्या हातांत असते, त्या हातांची काळजी घेणे हा उपकार नाही.

पावसाळा दरवर्षी येतो. तो येण्यापूर्वी एवढी तयारी झाली, तर ऑगस्टमध्ये कोण्या आईचे डोळे पिवळे होणार नाहीत, आणि झालेच तर ती कोठे विचारायचे हे जाणत असेल.